पंचेचाळिशीत पुन्हा डोंग्यावर

बुटीबोरीच्या एका कारखान्यात वीस वर्षं काढली. २०२१ साली ते काम सुटलं आणि मी कुही तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर, घरच्या मासेमारीच्या धंद्याला परत लागलो. आज चार डोंगे माझ्या शब्दावर पाण्यात उतरतात. समुद्रावर अशा माणसाला तांडेल म्हणतात. आमच्या ढिवरपुऱ्यात, म्हणजे मासेमार ढिवरांच्या वस्तीत, त्याला वेगळं नाव नाही, 'हा नेतो' एवढंच म्हणतात.

नागपुरातून गावी परतायचं मनात असलेली माणसं मला पहिलं विचारतात, "या वयात अंगाला झेपते का भाऊ?" झेपते. दोन महिने खांदे रात्री झोपू देत नाहीत, तळहाताला फोड येतात, मग कातडी जाड होते. माझी फजिती वेगळीच झाली. जाळं सांधायला बसलो आणि तंगूसच, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा दोराच, दिसेना. नागपूरच्या भोईपुऱ्यातल्या बाजारात मासोळी घेऊन गेलो तेव्हा येताना चष्मा करून आणला. सामानाच्या यादीत तो आधी लिहा.

खरी अडचण अशी की मी सोडून गेलो ती नदी होती, परत आलो तर धरण. गोसीखुर्दची कोनशिला १९८८ ची, पण आमच्या शिवारात पाणी चढलं तेव्हा मी शहरात होतो. नदीत धार बघून जाळं आडवं लावायचं, डोहात मरळ, वाम, शिंगाळा मिळायचा. आता पाणी पसरट आणि उभं. मच्छीमारांची सहकारी संस्था त्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडते. त्यातली कतला वरच्या थरात चरते, रोहू मधल्या, मिरगल तळाशी. म्हणजे जाळं किती खोल टांगलं यावर काय येणार ते ठरतं. हे मला तेवीस वर्षांच्या भाच्यानं शिकवलं. कारखान्यात माझ्या हाताखाली बारा माणसं होती. इथं चौदा महिने त्याच्या डोंग्यात वल्हं मारलं आणि "मामाजी, हळू न" ऐकून घेतलं. आल्या आल्या पुढारपण मागू नका. गाव सोडून न गेलेल्यांना ते पहिल्या दिवशीच खुपतं.

मग एका सकाळी जाळं खाली अडकलं. ओढलं तर आणखी बसलं. भाच्यानं चाकू काढला, "कापून टाकू मामाजी, काय रायलं त्यात?" मी म्हटलं, "थांब बे." आंभोऱ्याची टेकडी डाव्या खांद्यावर होती आणि समोर विजेच्या जुन्या खांबाचं टोक पाण्याबाहेर आलेलं. तो खांब ज्या बांधावर होता तो मला ठाऊक होता, त्याच्या अलीकडे बाभळीचं बन, आता पाण्याखाली. बाभळीतून जाळं वर ओढलं की काट्यात रुततं. डोंगा फिरवला, ज्या बाजूनं जाळं पडलं होतं त्याच बाजूला नेऊन हळूहळू मागं घेतलं. दोन वाव, म्हणजे पसरलेल्या हातांची दोन मापं, फाटलं, बाकी शाबूत. पाणी त्या पोरांना माझ्याहून चांगलं कळतं. पण ते चढलं तेव्हा ही पोरं शाळकरी होती, कुठला बांध कुणाचा हे कळायचं त्यांचं वय नव्हतं. त्या दिवसापासून जाळं कुठं टाकायचं ते मला विचारू लागले.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या पावसाळ्यात मी संध्याकाळी काठाजवळ जाळं लावून झोपलो. रात्रीतून धरणाचं पाणी सोडलं, काठ सरकला, सकाळी जाळं चिखलात आणि त्यातल्या मासोळीवर कावळे. धरणाला ३३ दरवाजे आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरच्या पुरात ते सगळे उघडावे लागले होते. आमच्याकडे पोरं पातळी क्रिकेटच्या स्कोअरसारखी विचारतात, पूर्ण भरलं की समुद्रसपाटीपासून २४५.५ मीटर. तुम्हीही विचारत जा. आणि मे-जूनचं वावधन, म्हणजे वादळी वारं, उठलं की जाळ्याचा मोह सोडून काठ गाठायचा. लाइफ जॅकेट न घालणाऱ्याला मी डोंग्यात घेत नाही, मग तो सोयरा का असेना.

कागदपत्रांचं थोडक्यात: आधी संस्थेचं सभासदत्व, त्यानंतर बाकी सगळं. एका कार्यालयानं माझा अर्ज तीनदा परत केला, तिन्ही वेळा कारण वेगळं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतला अपघात विमा नक्की काढा, मृत्यू झाल्यास घरच्यांना पाच लाख मिळतात आणि हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारालाही मिळतं.

विक्रीत पहाटेचा खेळ आहे. आंध्रातून बर्फात आलेला रोहू बाजारात असतोच, त्याच्याशी भावात नाही, ताजेपणात भांडायचं. पण गिऱ्हाईक विचारतं, "गोसीची का?" कारण नाग नदी नागपूरचं सांडपाणी घेऊन कन्हानेला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. ज्या शहरात वीस वर्षं राहिलो त्याची मोरी माझ्याच जाळ्याशी येऊन थांबली. वरून जलपर्णी. ती अडकली की जाळं असं जड होतं की वाटतं मोठा माल लागला.

वाटणी आमच्यात अशी: डोंग्याचा एक वाटा, जाळ्याचा एक, माणशी एक. नेणाऱ्याला जास्तीचा नाही. जास्तीची मिळते ती बोलणी.

सगळ्यात जास्त बोलणी मी पावसाळ्याच्या सुरुवातीला खातो. पहिल्या लोंढ्याला अंड्यावर आलेली मासोळी वर चढते, तेव्हा जाळं लावलं तर एका रात्रीत महिन्याची कमाई. दोन वर्षं मी डोंगे काठावर पालथे घालून ठेवले. पलीकडच्या काठावर जाळी लागलेलीच होती. भाचा तेवढे दिवस माझ्याशी बोलत नाही. यंदा त्याचं लग्न ठरलंय, आणि खर्चाचा हिशोब मांडताना त्यानं जुलैची कमाई आधीच धरली आहे.