आधी अंदाज, मग उत्तर: आश्चर्याचा अभ्यासात वापर कसा करावा

पुढे काय येणार याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. तो अंदाज चुकला की आश्चर्य वाटतं, आणि त्या चुकीच्या मापाने मेंदू आपली समजूत बदलतो. मेंदूशास्त्रज्ञ व्होल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलं. अचानक रस मिळाला की मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी जोरात प्रतिसाद देत. इशाऱ्यानंतर ठरल्याप्रमाणे रस मिळू लागला की रसाच्या क्षणी त्या स्थिर राहत. इशारा होऊनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचा प्रतिसाद नेहमीपेक्षा खाली जाई.

म्हणून धडा वाचायच्या आधी अंदाज बांधायलाच हवा. नुसतं वाचत गेलं की प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं आणि चुकायला काही उरत नाही.

धड्याच्या मथळ्यांचे पाच-सहा प्रश्न करा. उदाहरणार्थ: सर्वांत उष्ण ग्रह कोणता आणि का? पुस्तक मिटून उत्तर लिहा. शेजारी खात्री किती, ते 0 ते 100 मध्ये टाका. हे कागदावरच हवं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी 1975 मध्ये दाखवून दिलं की निकाल कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच दिसत होता असं वाटू लागतं. मनातला अंदाज उत्तर दिसताच गुपचूप बदलतो आणि आश्चर्य विरून जातं. ‘बहुधा सूर्याजवळचा एखादा’ असं मोघम लिहिलं तरी तेच होतं, कारण ते कुठल्याही उत्तराला चिकटवता येतं.

आता उत्तर पाहा. ‘बुध, 90’ असं लिहिलं असेल तर इथे थांबा, कारण सगळ्यात मोलाची जागा हीच आहे. ठाम खात्रीने केलेली चूक, बरोबर उत्तर कळल्यावर, डळमळीत चुकीपेक्षा अधिक सहज सुधारते, असं बटरफील्ड आणि मेटकाफ या मानसशास्त्रज्ञांना 2001 मध्ये आढळलं. धक्क्याने लक्ष त्या उत्तराकडे खेचलं जातं, हे त्यामागचं एक कारण. पण हे लक्ष फार काळ टिकत नाही, तेव्हा लगेच दोन ओळी लिहा: माझा अंदाज कशावर उभा होता आणि तो कुठे तुटला. ‘जवळ म्हणजे उष्ण असं धरलं, पण शुक्राचं कार्बन डायऑक्साइडचं दाट वातावरण उष्णता अडकवतं, म्हणून त्याचा पृष्ठभाग सुमारे 465 अंश सेल्सिअस. बुधाला असं वातावरण जवळजवळ नाहीच.’ कारण न लिहिता नुसतं ‘शुक्र’ पाठ केलं तर जुनी समजूत जागच्या जागी राहते.

बहुतेक जण पुढची पायरी गाळतात, आणि तिथेच मेहनत वाया जाते. नवं उत्तर विसरलं गेलं की ठाम खात्रीची जुनी चूक परत डोकं वर काढते. ज्या चुकांपुढे 80 किंवा अधिक खात्री लिहिली होती, त्यांवर खूण करा आणि तेच प्रश्न दुसऱ्या दिवशी व आठवड्याने पुन्हा न बघता सोडवा.

सगळेच अंदाज बरोबर येऊ लागले तर प्रश्न सोपे झालेत. ‘कोणता’ऐवजी ‘का’ आणि ‘किती’ विचारा. सगळेच चुकत असतील तर ते अंदाज नसून नुसते तुक्के आहेत. अशा वेळी धड्याचा पायाभूत भाग आधी वाचून घ्या आणि उरलेल्या भागावर प्रश्न काढा.