फोनवरून घरच्या कॉम्प्युटरवर कोडिंग

फोनवरून काम करायचं तर कोड, कंपायलर, डेटाबेस सगळं घरच्या मशीनवरच राहू द्या. फोनकडे फक्त स्क्रीन आणि कीबोर्डचं काम. कोकण रेल्वेवरचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी आत शिरली की रेंज जाते, पण घरी सुरू असलेलं बिल्ड चालूच राहिलं पाहिजे. सगळी जुळणी त्यासाठीच. इथे घरी उबुंटू आणि हातात अँड्रॉइड असं धरलं आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांत करा.

आधी घरचं मशीन. 'सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर टीमक्स मॉश' चालवा. ओपनएसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित लॉगिन (एसएसएच) देणारा प्रोग्रॅम, टीमक्स म्हणजे जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारं टर्मिनल, आणि मॉश म्हणजे रेंज गेली तरी टिकणारी जोडणी. पॉवर सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक सस्पेंड बंद करा. लॅपटॉप असेल तर लॉगिनडी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये 'हँडललिडस्विच'ची किंमत 'इग्नोर' करा, नाहीतर झाकण मिटताच मशीन झोपतं. डेस्कटॉप असेल तर वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय बायोसमध्ये लावा, आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर रीस्टार्टनंतर मशीन पासफ्रेज मागत थांबतं. घरी कुणी नसेल तर तिथेच सगळं अडतं.

राउटरवर एसएसएचचं २२ नंबरचं पोर्ट उघडू नका. बऱ्याच ब्रॉडबँडवर एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे ते चालतही नाही, आणि चाललं तर दिवसभर अनोळखी लोक पासवर्ड आजमावत बसतात. त्याऐवजी टेलस्केल (तुमचीच मशीन आपसात जोडणारं खाजगी व्हीपीएन) दोन्हीकडे एकाच खात्यानं बसवा. घरच्या मशीनला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तो तुमच्या फोनवरून कुठूनही चालतो. या मशीनची की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर बंद करायला विसरू नका. मूळ मुदत १८० दिवसांची असते, आणि ती नेमकी प्रवासात संपली तर घरी पोचेपर्यंत इलाज नाही. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, त्यामुळे ऑफिसचं व्हीपीएन लावलं की टेलस्केल सुटतं.

फोनवर टर्मक्स हे टर्मिनल अ‍ॅप घ्या, तेही एफ-ड्रॉइड या अ‍ॅप स्टोअरवरून. त्यात 'पीकेजी इन्स्टॉल ओपनएसएसएच मॉश' करा. मग एसएसएच-कीजेननं ईडी२५५१९ प्रकारची की (पासवर्डऐवजी चालणारी फाइलींची जोडी) बनवा, तिला पासफ्रेज द्या आणि एसएसएच-कॉपी-आयडीनं तिचा सार्वजनिक भाग घरी पाठवा. कीनं लॉगिन होतंय हे पाहा, मगच सर्व्हरवर पासवर्डचं लॉगिन बंद करा. क्रम उलटा झाला तर तुम्हीच बाहेर राहाल.

जोडणीसाठी साध्या एसएसएचपेक्षा मॉश बरं. रेंज गेली की एसएसएच गोठतं, फार वेळ गेला तर तुटतं. मॉश मात्र नेट येताच पुढे सुरू होतं. त्याला यूडीपीची ६०००० ते ६१००० पोर्ट लागतात, फायरवॉल असेल तर तेवढी मोकळी करा. मॉशमध्ये मागचं आउटपुट वर सरकवून पाहता येत नाही, म्हणून आत टीमक्स हवंच. टीमक्सच्या सेटिंग फाइलमध्ये माउस ऑन करा म्हणजे बोटानं स्क्रोल होतं. हिस्टरी लिमिट मुळात २००० ओळींची असते, ती २०००० करा. 'टीमक्स न्यू', मग डॅश आणि मोठ्या अक्षरातला 'ए', डॅश आणि लहान 'एस', शेवटी सेशनचं नाव: ही एकच आज्ञा सेशन असेल तर त्यात नेते, नसेल तर नवं उघडते. बाहेर पडायला कंट्रोल-बी, मग डी. टर्मक्समध्ये व्हॉल्यूम कमी करायचं बटण दाबून धरलं की तेच कंट्रोल होतं.

वेब अ‍ॅप फोनच्या ब्राउझरमध्ये पाहायचं असेल तर मॉश उपयोगी नाही, ते पोर्ट पुढे पाठवत नाही. टर्मक्सच्या दुसऱ्या सेशनमध्ये एसएसएच मोठ्या अक्षरातल्या 'एल' पर्यायासह लावून अ‍ॅपचं पोर्ट, समजा ३०००, फोनवर आणा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ३००० असा पत्ता उघडा.

टर्मक्स मध्येच बंद पडत असेल तर त्याची बॅटरी सेटिंग अनरिस्ट्रिक्टेड करा आणि नोटिफिकेशनमधून वेकलॉक (फोनला झोपू न देणारा) घ्या. अँड्रॉइड १२ पासून सगळ्या अ‍ॅपनी मिळून सुरू केलेल्या अशा जोड प्रक्रिया ३२ च्या वर गेल्या की जास्तीच्या सिस्टिम मारते, 'सिग्नल ९' दिसतो तो बहुधा त्याचाच. पण बिल्ड घरी चालत असल्यानं फोनवर इतक्या प्रक्रिया सहसा होत नाहीत.

मराठी कीबोर्ड चालू राहिला तर २२ हा आकडा देवनागरीत पडतो आणि आज्ञा फसते. टर्मिनलमध्ये जोडाक्षरंही तुटून दिसतात, फाइल मात्र बिघडलेली नसते.

आडव्या फोनवर कीबोर्ड अर्धी स्क्रीन खातो. बग दुरुस्त करणं, लॉग वाचणं, टेस्ट चालवणं उभ्या फोनवर नीट जमतं. दहा फाइलींतला बदल असेल तर घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड बरोबर घ्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर जोडून पाहा. मग मशीन रीस्टार्ट करा आणि कीबोर्डला हात न लावता पुन्हा जोडा. फोन हरवलाच तर दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरमधून टेलस्केलच्या पानावरून तो काढून टाका, आणि घरी पोचल्यावर 'ऑथोराइज्ड कीज' फाइलमधली त्याची ओळ पुसा.