चूक प्लेटबरोबर पुढे जाते

सांगली-मिरजेतली डिप्लोमाची मुलं हल्ली मला विचारतात, "ताई, लॅब ऑटोमेशनमध्ये तुम्ही नेमकं करता काय?" कुपवाड एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये फिक्श्चरची (जॉब पक्का धरून ठेवणाऱ्या साधनांची) कामं करता करता मी या क्षेत्रात आले. पहिल्या वर्षी मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

औषधांवर किंवा जनुकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नमुने तळहातापेक्षा थोड्या मोठ्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये असतात. आठ आडव्या ओळी, बारा उभ्या, असे ९६ खळगे. त्यांना वेल म्हणतात. १९५१ साली हंगेरीतल्या ग्युला ताकाची या डॉक्टरांनी अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यात सहा ओळींत बारा-बारा खळगे कोरले, तिथून ही गोष्ट सुरू झाली. म्हणजे मूळ प्लेट हा मशीनिंगचाच जॉब होता. टूलरूममधून आलेल्या मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. पुढे २००४ साली प्लेटची मापं अमेरिकेत प्रमाणित झाली: लांबी १२७.७६ मिलिमीटर, रुंदी ८५.४८, आणि ९६ वेलच्या प्लेटमध्ये एका वेलच्या मध्यापासून शेजारच्या वेलच्या मध्यापर्यंत बरोबर ९. हे आकडे पाठ करा, रोज लागतात.

आपलं काम म्हणजे रोबोच्या हाताला ही प्लेट रॅकमधून उचलून धुण्याच्या मशीनमध्ये, तिथून ठरावीक तापमान राखणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये, तिथून निकाल वाचणाऱ्या रीडरमध्ये ठेवायला शिकवणं. प्रत्येक जागेला नेस्ट म्हणतात आणि त्या जागेच्या शिकवलेल्या बिंदूला टीच पॉइंट. शिकवताना वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत हवा. औद्योगिक रोबोंच्या आयएसओ १०२१८ मानकात हातानं चालवण्यासाठी हीच मर्यादा आहे, आणि ती मोडायची नाही.

आता ज्या प्रकरणाने मला हे काम खऱ्या अर्थाने शिकवलं ते सांगते.

एका प्रयोगशाळेत रीडरच्या ट्रेवर प्लेट अडकायची. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा, आणि बहुतेक रात्री. प्लेटची एक कड ट्रेच्या काठावर चढायची, ट्रे आत जाताना घासायचा, अलार्म यायचा. नमुने रुग्णांचे होते, एक प्लेट वाया गेली की कुणाचा तरी रिपोर्ट एक दिवस लांबायचा. मी तीन वेळा रीडरचा टीच पॉइंट नव्याने घेतला. दिवसा पन्नास फेऱ्या बिनचूक व्हायच्या आणि रात्री परत तेच.

रविवारी घरी आले होते. मामा आयुष्यभर टूलरूममध्ये. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मागच्या सेटअपचं माप घेतलंस का?"

मी घेतलं नव्हतं. रीडरच्या आधी रॅकमधून प्लेट कशी उचलली जाते, हे पाहिलंच नव्हतं. सोमवारी जाऊन ग्रिपरच्या, म्हणजे प्लेट धरणाऱ्या रोबोच्या पंजाच्या, बोटावर आणि प्लेटच्या कडेवर मार्करने एक-एक रेघ ओढली. प्लेट रॅकमध्ये पूर्ण आत सरकवून उचलली, तर दोन्ही रेघा जुळल्या. बोटाने किंचित पुढे ओढून उचलली, तर रेघांमध्ये अंतर दिसायला लागलं. साधारण ०.८ मिलिमीटर. आणि तेच अंतर हाताबरोबर थेट रीडरपर्यंत गेलं. ट्रेमध्ये मोकळीक दोन्ही बाजू मिळून जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे एका बाजूला अर्धा. प्लेट काठावर चढणारच.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या. ग्रिपर प्लेटच्या लांब बाजू धरत असेल, तर बोटं मिटताना प्लेट ८५.४८च्या दिशेने आपोआप मध्यावर येते. १२७.७६च्या दिशेने मात्र तिला मध्यावर आणणारं काहीच नसतं. जिथे धरली तिथेच ती राहते, आणि उचलतानाची चूक पुढच्या नेस्टवर उघडी पडते. आमच्या रॅकचे कप्पे सैल होते. दिवसपाळीत प्लेटा टेकेपर्यंत आत ढकलायची सवय होती, रात्री गडबडीत त्या जराशा बाहेर राहायच्या. रात्रपाळीच्या मुलांचा यात दोष नव्हता, कारण किती आत ढकलायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. उपाय म्हणून वाटेत उतरत्या भिंतींचं एक नेस्ट बसवलं. हात प्लेट तिथे सोडतो, ती घसरून आपल्या जागी बसते आणि मग पुन्हा धरली जाते. याला रीग्रिप म्हणतात. रीडरचा टीच पॉइंट त्यानंतर आजवर बदलावा लागलेला नाही.

म्हणून माझी पहिली तपासणी ठरलेली आहे. पॉइंट शिकवला की प्लेट नेस्टमध्ये ठेवायची, बोटं मिटायची, आणि डोळा प्लेटच्या पातळीला आणून पाहायचं. मिटताना प्लेट हलली का? उघडताना उडी मारली का? हलली तर पॉइंट चुकला आहे. स्क्रीनवरचा आकडा काहीही म्हणो, प्लेट हलता कामा नये.

बाकीच्या सेटिंगमध्ये धरण्याची उंची सगळ्यात दगा देते. ती प्लेटच्या तळापासून मोजतात. साधी ९६ वेलची प्लेट १४.३५ मिलिमीटर उंच असते आणि तिच्यावर झाकण आलं की झाकणाची कड खाली उतरते. बिनझाकणाच्या प्लेटसाठी ठेवलेली उंची मी एकदा झाकणवाल्या प्लेटला तशीच लावली. बोटांनी झाकण धरलं, प्लेट चार बोटं वर आली आणि सुटली. ९६ नमुने डेकवर, म्हणजे मशीनच्या ओट्यावर, सांडले. त्या दिवशी ज्या संशोधक मॅडमची प्लेट होती, त्यांनी आवाजही चढवला नाही, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. झाकणासह आणि झाकणाशिवाय अशा दोन वेगळ्या नोंदी करा. बोटं तळपट्टीच्या (प्लेटच्या तळाशी असलेल्या रुंद कडेच्या) वर आणि झाकणाच्या कडेच्या खाली बसली पाहिजेत.

रुंदीचं माप घेताना व्हर्नियर (बारीक मापं घेण्याचं साधन) कुठे लावता याला महत्त्व आहे. प्रमाणित मापांत कोपऱ्यापासून १२.७ मिलिमीटरच्या आत पाव मिलिमीटर कमी-जास्त चालतं, पण बाजूच्या बाकी भागात अर्धा मिलिमीटर. म्हणजे मधे प्लेट फुगलेली किंवा दबलेली असू शकते, आणि बोटं बहुधा मधेच धरतात. म्हणून माप तिथेच घ्या. बऱ्याच कंट्रोलरमध्ये बोटं किती मिटली यावरून प्लेट हातात आहे की नाही ते ठरतं. तिथली सूट जास्त ठेवली, तर हात रिकामा असला तरी मशीन "प्लेट आहे" म्हणून पुढे निघतं.

जोर किती लावायचा? पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेची) प्लेट पातळ असते, जास्त दाबली की मधून वाकते आणि वर चिकटवलेलं पातळ सील सुरकुततं. ही प्लेट आळीपाळीने तापवणाऱ्या-गार करणाऱ्या थर्मल सायकलर यंत्राचं झाकण साधारण १०५ अंशांपर्यंत तापतं, त्यातून काढताना प्लेट कधी खालच्या धातूच्या ब्लॉकला चिकटलेलीही असते. उलट खोल खळग्यांच्या डीपवेल प्लेटमध्ये वेलमागे दीड मिलिलिटर भरलं, तर नुसतं द्रवच १४४ ग्रॅम होतं. तिथे हलका जोर पुरत नाही. फ्रिजमधून चार अंशांवरून काढलेल्या प्लेटवर पावसाळ्यात दव धरतं आणि रबरी पॅड घसरतात. कोरड्या प्लेटवर चाचणी करून निघून जाऊ नका, एक गार प्लेटही चालवून बघा. सील नसलेली प्लेट नेताना वेगापेक्षा त्वरण कमी करा. शिंतोडे उडतात ते सुरुवातीच्या आणि थांबतानाच्या झटक्याने.

आणि ए१ कोपरा. आडव्या ओळींना ए ते एच अक्षरं आणि उभ्या ओळींना १ ते १२ आकडे असतात, म्हणून ए१ हा पहिला वेल आणि एच१२ शेवटचा. हाताने प्लेट अर्धा फेरा फिरवून ठेवली, तर ती नेस्टमध्ये तितकीच छान बसते. अलार्म येत नाही, काही सांडत नाही, फक्त ए१च्या जागी एच१२ येतो आणि एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर जातो. मला या कामात सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. प्रत्येक नेस्टवर ए१ कुठे येतो याचं चित्र काढून प्रयोगशाळेतल्या माणसाकडून तपासून घ्या, मगच खऱ्या नमुन्यांना हात लावा.

नोकरीबद्दल थोडक्यात. सांगली सोडावी लागते, कामं मुख्यतः पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला आहेत. जीवशास्त्राची पदवी नसली तरी चालतं, पण प्लेटमध्ये काय आहे आणि ते हललं तर काय होतं, हे विचारायची लाज वाटू देऊ नका. माझ्या मुलाखतीत टेबलावर एक प्लेट आणि व्हर्नियर ठेवून रुंदी विचारली होती. मी विचारलं, "कोपऱ्याजवळ घेऊ की मधे?" पुढची सगळी चर्चा त्यावरच झाली.

तयारी घरीही करता येते. थोडं पायथन शिका. पायलॅबरोबोट नावाची मुक्त लायब्ररी आहे, तिच्यात प्लेटची व्याख्या कशी लिहितात ते उघडून वाचा. १२७.७६ आणि ८५.४८ तिथे भेटतीलच. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या रिकाम्या प्लेटा मिळवा आणि कोपऱ्याजवळ व मधे मापून वहीत लिहा. मग खायच्या रंगाचं पाणी वेलमध्ये भरा, वर टिश्यू पेपर ठेवा आणि प्लेट हाताने या टेबलावरून त्या टेबलावर न्या. टिश्यूवर ठिपके कुठे पडतात, सुरुवातीला की थांबताना, ते बघा.