पामच्या बिया रुजत घालण्याआधी

पामच्या बिया आणायच्या ठरवल्या असतील तर आधी घरातली तयारी पुरी करा आणि मगच बिया घ्या. उष्णकटिबंधातल्या बऱ्याच पामचं बी धान्यासारखं वाळवून डब्यात भरून ठेवता येत नाही. ते आतून ओलं असतं आणि पुरतं वाळलं की आतला गर्भ मरतो. माझ्या मते या तयारीत खऱ्या अर्थाने महत्त्वाच्या दोनच गोष्टी आहेत: ताजं बी आणि ऊब. बाकीचं सगळं या दोन्हींना सांभाळण्यासाठी.

ताजेपणा कसा ओळखायचा? झाडावर पूर्ण पिकून रंग चढलेलं फळ मिळालं तर उत्तम. नुसतं बी मागवत असाल तर फळं कधी उतरवली ते आधी विचारा. बी कानाजवळ हलवून बघा. आत खुळखुळ वाजलं तर गर आकसलेला असतो. नारळाचं मात्र उलटं, तिथे पाण्याचा आवाज आलाच पाहिजे. बिया पुरेशा असतील तर एक कापून बघायला कचरू नका. गर घट्ट आणि गर्भ पांढरा, भरीव हवा. सुपारीच्या गरात तपकिरी रेघा मुळातच असतात, त्या पाहून बी खराब समजू नका. पाण्यावर तरंगलेलं बीही लगेच टाकू नका, कारण सालीच्या तंतूंत अडकलेल्या हवेनेही ते तरंगतं.

मग सफाई. रबरी हातमोजे आधीच आणून ठेवा, हे आवर्जून सांगतो. भेरली माडासारख्या काही जातींच्या फळात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक टोकदार स्फटिक असतात आणि उघड्या हातांची भयंकर आग होते. फळं दोन-तीन दिवस पाण्यात भिजवली की बियावरचा फळाचा गर सुटतो, मग चाळणीवर घासून काढा. चिकटून राहिलेल्या गरावर बुरशी धरते. स्वच्छ बी आणखी एक ते तीन दिवस कोमट पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला.

ऊब म्हणजे किती? रुजवणाच्या मिश्रणात २७ ते ३५ अंश सेल्सियस, बऱ्याच जातींना तिशीच्या पुढेच बरं वाटतं. मिश्रणात, हे महत्त्वाचं! खोलीचा पारा ठीक दिसला तरी ओलं मिश्रण त्याहून गार असतं, म्हणून दांडी आत खुपसता येईल असा थर्मामीटर घ्या. थंडीत हीट मॅट (खाली अंथरायची, विजेवर तापणारी चटई) लागेल, तीही थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान आपोआप राखणारं उपकरण, असलेली. २० अंशांच्या खाली बी नुसतं पडून राहतं आणि बहुतेकदा कुजतं. पण ऊब हवी म्हणून बंद पिशवी किंवा डबा थेट उन्हात ठेवू नका, आतल्या आत बी भाजून निघतं.

मिश्रणाला धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) सारख्या प्रमाणात पुरे, बागेतली माती नको. मूठ घट्ट दाबल्यावर बोटांतून एखादाच थेंब यावा, इतपत ओल.

भांडं निवडण्याआधी जात नक्की करा. ताड किंवा बिस्मार्किया रुजताना बियातून एक देठ निघून आधी खाली जातो आणि मूळ व पान त्याच्या टोकाकडून फुटतात. ताडाचा हा देठ फूटभर, कधी त्याहूनही खोल उतरतो, तेव्हा उंच कुंडीच हवी. अरेका पाम किंवा नारळाचा कोंब बियालगतच येतो. अरेकासारख्या छोट्या बियांना झिपची पिशवी सोयीची, आतलं सगळं बाहेरून दिसतं. कुंडीत लावताना बी जेमतेम झाकलं जाईल इतकंच पुरा. नारळ आडवा, अर्धा वर ठेवून.

बी लवकर रुजावं म्हणून वापरतात ते जिबरेलिक आम्ल (वाढीचं संप्रेरक) घेऊ नका. कोंब लवकर येईलही, पण रोप लांबट आणि लुळं होतं.

लेबल पेन्सिलने लिहा, शाई उडते. जात आणि तारीख दोन्ही हवी, कारण वॉशिंग्टोनिया काही आठवड्यांत उगवतो, तर पार्लर पामला महिने लागतात आणि काही जाती वर्षाहून जास्त वाट पाहायला लावतात.

कोंब दिसल्यावर धावपळ नको म्हणून छोट्या पण खोल कुंड्या आणि सावलीची उजेडी जागा आधीच ठरवा. पिशवीतून हलवताना मूळ चटकन मोडतं, म्हणून चमचा हाताशी असू द्या. रोपाला चिकटलेलं बी तोडू नका, त्यातल्या साठ्यावरच ते वाढत असतं. पहिली एक-दोन पानं येईपर्यंत खतही नको. एकाच घडाच्या बियाही मागेपुढे उगवतात, तेव्हा उरलेल्यांची पिशवी तशीच उबेत परत ठेवायला मॅटवर जागा राखा.