गावचा कवी नेमायचा तर आधी वही आणा

बेळगाव तालुक्यात जानेवारी उजाडला की संमेलनांचा सीझन सुरू होतोय, कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सगळीकडं ग्रंथदिंडी, भाषणं, कविसंमेलन, दुपारचं जेवण, आणि मंडपवाल्यानं बांबू उपटले की कविता जी गायब होते ती थेट पुढच्या वर्षी. म्हणून आम्ही गावात वर्षभरासाठी एक कवी नेमायचं ठरवलं. दोन वर्षं झाली, चुकाही भरपूर झाल्या, त्यातनं जे कळलं ते लिहितोय, कुणाला आपल्या गावात करायचं असेल तर उपयोगी पडेल.

आधी एक डोक्यातनं काढा. राजकवी म्हटलं की आपल्याला ग्वाल्हेरचे तांबे नाहीतर बडोद्याचे यशवंत आठवतात, म्हणजे दरबार आला, मान आला. आपल्या कर्नाटकात राष्ट्रकवी आहे, कुवेंपूंना 1964 ला दिला, शिवरुद्रप्पांना 2006 ला, पण तो किताब, एकदा दिला की जन्मभराचा, त्याला मुदत नाही. आम्हाला हवं होतं ते अमेरिकेतल्या राज्यांसारखं. तिथं बऱ्याच राज्यांत सरकारच राज्याचा कवी नेमतं, कुठं दोन वर्षांसाठी, कुठं चार, पैसे बेताचेच, आणि त्या माणसानं शाळा, लायब्ऱ्या, लहान गावं फिरायची. कॅलिफोर्नियात तर 1915 पासून हे चालू आहे.

आता कवी निवडायचा कसा. आमची पहिली चूक इथंच झाली. गावातला सगळ्यात चांगला कवी निवडला. लिहितो भारी हो, पण शाळेत जा म्हटलं की अंगात ताप. वर्षभरात तीन कार्यक्रम, तेही जिमच्या उद्घाटनाला आणि दोन वाढदिवसांना, फर्माईशीच्या कविता. दुसऱ्या वर्षी अंगणवाडीतल्या एक बाई घेतल्या, स्वतः फारसं लिहीत नाहीत, पण दुसऱ्याला वाचायला लावण्यात पटाईत. काम ते आहे की! त्यामुळं कवितासंग्रह किती निघाले ते विचारू नका, एकाच दिवशी पोरांसमोर आणि भजनी मंडळासमोर बसू शकतो का एवढं बघा.

बायोडाटा मात्र तपासा, ओळखीचा असला तरी. कॅलिफोर्नियात 2002 मध्ये क्विन्सी ट्रूप नावाच्या कवीला नेमलं आणि कॉलेजची पदवी नसताना आहे असं लिहिल्याचं निघालं म्हणून त्याच वर्षी राजीनामा द्यावा लागला. आणि दुसरं, नेमतानाच मुदत आणि काढायचं कसं ते कागदावर लिहा. न्यू जर्सीत अमिरी बराकांच्या एका कवितेवरनं गदारोळ झाला, ते राजीनामा देईनात, कायद्यात काढायची सोयच नव्हती, शेवटी 2003 मध्ये सरकारनं ते पदच रद्द केलं. आपल्याकडं भाऊबंदकी, पार्टी, गल्ली सगळंच आहे, त्यामुळं एक साधं पान पुरे: मुदत एक वर्ष, फर्माईशी कविता सक्तीची नाही, आणि कविता आवडली नाही म्हणून कुणाला काढायचं नाही. शेवटच्या ओळीवर आमच्यात दोन तास वाद झाला, तरी ठेवली.

पैसे? प्रवासखर्च आणि झेरॉक्सचे तेवढे द्या. शाल-श्रीफळ नको, तीन शाली कपाटात पडून असतात त्यांच्या.

वर्षाचं काम म्हणाल तर शाळेपासनं धरा. अमेरिकेचे राष्ट्रीय कवी असताना बिली कॉलिन्सनी शाळेच्या 180 दिवसांना रोज एक कविता असं काढलं होतं, पोरांना नुसती ऐकवायची, प्रश्नोत्तरं नाहीत. आम्ही सोमवार-गुरुवार करतो, प्रार्थनेनंतर, एकच कविता, अर्थ सांगायचा नाही. मास्तरांना हे फार जड जातंय, त्यांचा हात खडूकडं जातोच.

खरी मजा मात्र दुसऱ्या गोष्टीत आहे. रॉबर्ट पिन्स्की नावाच्या कवीनं 1997 मध्ये लोकांना आवडती कविता कळवा म्हटलं तर 18,000 लोकांनी कळवलं. आम्ही तेच गावात केलं, महिन्यातनं एकदा वाचनालयाच्या कट्ट्यावर, अट एवढीच की स्वतःची कविता वाचायची नाही. (ही अट नसली तर काय होतंय ते तुम्हाला माहितीय.) पहिल्या वेळी सात माणसं आणि एक कुत्रं. तिसऱ्या महिन्यात एक आज्जी उठल्या, मला वाचाय येत नाही म्हणाल्या, आणि डोळे मिटून जात्यावरची ओवी धरली, भावाला मूळ म्हणून, म्हणजे माहेरी न्यायला, पाठवलंय आणि तो अजून आला नाही अशी. माईक बंद पडला होता, कुणी उठून दुरुस्त केला नाही. त्या ओव्या बाईंनी वहीत उतरून घेतल्या, खाली आज्जींचा अंगठा घेतला. म्हणून म्हणतोय, आधी वही आणा, लांब, जाड पुठ्ठ्याची.

वेळ बघून ठेवा. रोपलावणीत आणि सुगीत कार्यक्रम ठेवायचा नाही, आणि थ्री फेज लाईट कधी येतेय ते विचारा, मोटार सोडायला निम्मी माणसं उठून जातात.

कन्नड कविता वाचायची का यावरनं कुरकुर होणारच. वाचू द्या. धारवाडच्या बेंद्रेंच्या घरची भाषा मराठी, लिहिलं कन्नडमधनं, ज्ञानपीठ मिळालं. आमच्या शेजारच्या गल्लीतला एक पोरगा त्यांची कविता म्हणतो आणि मग त्याची आई मराठीत सांगते, जमेल तसं. एवढंच की आधी कन्नड, मग मराठी असा क्रम ठेवा, उलट केलं की लोक अर्थ कळला म्हणून चहाला उठतात.

वर्ष संपलं की वही पुढच्या कवीच्या हातात द्यायची, सगळ्यांसमोर, आणि जुन्यानं पहिल्याच सोमवारी नव्याला शाळेत घेऊन जायचं.