अर्थशास्त्राचे अध्यापन-साहित्य सहकाऱ्यांसाठी खुले करताना

अर्थशास्त्राचे प्राध्यापक एकमेकांना सर्वांत आधी स्लाइड्स देतात, आणि माझ्या मते दुसऱ्या शिक्षकाला त्यांचाच उपयोग सर्वांत कमी होतो, कारण स्लाइडवर निष्कर्ष असतो, पण तो वर्गात कसा उलगडला आणि विद्यार्थी नेमके कुठे अडखळले हे तिच्यावर नसते. म्हणून सुरुवात एखाद्या सोडवलेल्या उदाहरणापासून करावी.

समजा, बडोद्याच्या खंडेराव मार्केटात टोमॅटोचा भाव किलोला ४० रुपयांवरून ५० रुपये झाला आणि एका विक्रेत्याची रोजची विक्री ६० किलोंवरून ४८ किलोंवर आली. मूळ आकड्यांवर टक्केवारी काढल्यास मागणीची लवचिकता, म्हणजे भावातील टक्केवारी बदलाच्या तुलनेत मागणीत होणारा टक्केवारी बदल, ऋण चिन्ह वगळता, ०.८ येते, जुन्या-नव्या आकड्यांची सरासरी पाया धरल्यास ती बरोबर १ येते. लवचिकता १ असताना एकूण प्राप्ती बदलत नाही, आणि विक्रेत्याची प्राप्ती दोन्ही वेळी २,४०० रुपयेच असल्याने दुसरे उत्तर त्याच्याशी जुळते, आणि हाच मुद्दा वर्गात सर्वाधिक गोंधळ घडवतो. उदाहरणासोबत कोणती पद्धत वापरली, ती का निवडली आणि विद्यार्थी कोणती चूक करतात, एवढे अर्ध्या पानात लिहून द्यावे. बडोद्यात आणखी एक ओळ आवश्यक आहे: मराठीत ज्याला आपण लवचिकता म्हणतो, त्याला गुजराती माध्यमातून आलेला विद्यार्थी मूल्यसापेक्षता म्हणून ओळखतो, तेव्हा अशा संज्ञांची जोडयादी संचासोबत असावी.

त्यानंतर परवान्याचा प्रश्न येतो, आणि तो पहिल्याच पानावर मिटवावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ शिक्षकाला अध्यापनाच्या ओघात इतरांच्या साहित्याची प्रत काढू देते, परंतु ते साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची मुभा त्यातून मिळते असे समजू नये. पाठ्यपुस्तकातील आलेख स्कॅन करून जोडण्याऐवजी तो स्वतः काढावा. मागणी-वक्राची कल्पना कोणाच्या मालकीची नसते, छापलेली आकृती असू शकते. स्वतःच्या साहित्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे साहित्य खुलेपणाने वाटण्यासाठीच्या तयार परवान्यांपैकी, केवळ श्रेयनिर्देश मागणारा परवाना द्यावा. ‘बदल करू नये’ ही अट असलेल्या परवान्याखालील साहित्याचे मराठी वा गुजराती भाषांतरही परवानगीशिवाय वाटता येत नाही, आणि आपल्याकडे भाषांतराचीच गरज मोठी असल्यामुळे ती अट मी टाळण्यास सांगेन.

आकडेवारी जोडताना स्रोत, ती उतरवून घेतल्याची तारीख आणि पायाभूत वर्ष (ज्या वर्षाच्या किमती आधार धरल्या ते वर्ष) या तीनही गोष्टी लिहाव्यात. २००४-०५ आणि २०११-१२ या पायाभूत वर्षांवरील राष्ट्रीय उत्पन्नाच्या मालिका एकाखाली एक चिकटवलेला तक्ता वृद्धिदराचे चुकीचे चित्र उभे करतो, आणि तो हातोहात फिरू लागला की चूकही त्याच्यासोबत फिरते.

फाइल पीडीएफसोबत संपादन करता येईल अशा स्वरूपातही द्यावी, तक्त्यांतील सूत्रे तशीच ठेवावीत आणि मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या मराठी फाँटमधील एक उत्कृष्ट प्रश्नसंच मला असा मिळाला होता की, माझ्या संगणकावर त्यातील एकही शब्द वाचता येईना, आणि अखेर तो मला पुन्हा टंकलिखित करावा लागला.

फाइलच्या नावात विषय, सत्र आणि आवृत्तीची तारीख घालावी. घेणाऱ्या सहकाऱ्याला एवढीच विनंती करावी की, सत्र संपल्यावर त्याने केलेले बदल आणि त्याच्या वर्गात अडलेल्या जागा त्याच फाइलमध्ये नोंदवून ती परत पाठवावी.