माळ्यावरचा स्टिरिओ टीव्हीला जोडताना

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या आत्याकडे मागच्या दिवाळीत 55 इंची टीव्ही आला आणि आठवड्याभरात तिचा फोन आला. "अगं, माझे कान गेले बहुतेक. मालिकेतली माणसं काय पुटपुटतात काही कळत नाही. जाहिरात लागली की मात्र अंगावर धावून येते."

आत्याचे कान शाबूत आहेत. हॉलमध्ये पंखा पाचवर असतानाही कुकरची कितवी शिट्टी झाली ते तिला बरोबर कळतं. दोष टीव्हीच्या बांध्यात आहे. एवढ्या चपट्या अंगात बसायचा म्हणजे स्पीकर इवलासा, आणि त्याचं तोंड बहुतेक वेळा खाली नाहीतर मागे भिंतीकडे. जुन्या डबा टीव्हीला हातभर पोट होतं आणि स्पीकरची जाळी समोर, तुमच्याकडे बघत. त्यात हल्लीच्या सिनेमांचा आवाज पाच स्पीकर आणि एक सबवूफर धरून मिसळलेला असतो, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी. टीव्ही त्या सहांचे दोन करतो आणि माणसांचं बोलणं ढोलताशाखाली जातं.

लोक मग साउंडबार घेतात. घरात दुसरं काहीच नसेल तर जरूर घ्या. पण माळ्यावर चादरीत गुंडाळलेला ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेट्यांचे दोन स्पीकर पडलेले असताना दुकानात जाणाऱ्यांचा मला राग येतो. नातेवाईक आणि शेजारी धरून अशी दहा-बारा घरं मी जोडून दिली आहेत, नौपाड्यातल्या जुन्या वाड्यापासून घोडबंदर रोडच्या एकविसाव्या मजल्यापर्यंत. सगळीकडे अडतं ते एकाच ठिकाणी. तिथे सविस्तर सांगते, बाकीचं भराभर.

खाली काढा आणि पुसा

स्पीकरची जाळी काढून शंकूच्या कडेची रिंग बघा. कापडाची किंवा रबराची असेल तर बहुधा ठीक असते. स्पंजची असेल तर आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ती कुजलेली असणार. बोट लावलं की काळा चुरा हाताला लागतो. तसा स्पीकर वाजवू नका, रिंग बदलून घ्या. शंकू आणि चुंबक चांगले असतात, फेकायची गरज नाही.

आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते तिला काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरवणं पुरतं. बिजागरीला मारायचं तेल त्यात मारू नका. आणि बरीच वर्षं बंद असलेला ॲम्प्लिफायर पहिल्यांदा लावताना शेजारी बसून राहा. जळका वास आला तर बंद करून मेकॅनिककडे न्या. झाकण स्वतः उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही धक्का देतात.

स्पीकरच्या तारा

लाल लालला, काळी काळीला, दोन्ही बाजूंना. एका स्पीकरची उलटी लागली की ठेका गायब होतो आणि बातम्या देणारी बाई पडद्याच्या मध्यावरून न बोलता खोलीभर कुठूनही बोलते. तसं वाटलं तर एकाच स्पीकरच्या तारा अदलाबदल करा.

ती घूं

आता मुख्य गोष्ट. टीव्ही ॲम्प्लिफायरला जोडला की स्पीकरमधून एक बारीक, अखंड घूं सुरू होते. देवळात घंटा वाजून गेल्यावर मागे उरते तशी, फक्त ही उरतच राहते. माझ्या स्वतःच्या घरी या घूंने मला तीन रविवार खाल्ले.

पहिल्या रविवारी वायर बदलली. दुसऱ्या रविवारी महागडी वायर आणली. त्यासाठी लॅमिंग्टन रोडला गेले, तर दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, साहेबांना फोन लावून द्या ना." तरी वायर घेतली, घूं तशीच. मग एका मेकॅनिकने आतले मोठे कपॅसिटर बदलले, पैसे घेतले, त्याच्या टेबलावर ॲम्प्लिफायर गप्प वाजला आणि घरी आणल्यावर पुन्हा घूं. तिसऱ्या रविवारी केबलवाला त्याच्या काही कामासाठी आला, सेटटॉप बॉक्सच्या मागची गोल वायर त्याने उपसली आणि घरात एकदम शांतता पसरली. मी त्याला म्हटलं, "दादा, थांबा. परत लावा." लावली, घूं आली. काढली, गेली. त्याला वाटलं बाईंचं काहीतरी बिनसलंय.

होतं असं. ॲम्प्लिफायरचा प्लग तीन पिनांचा असला तर त्याला तुमच्या घराच्या भिंतीतून अर्थिंग मिळतं. केबलची वायर गच्चीवरून, शेजारच्या इमारतींवरून येते आणि तिच्या बाहेरच्या जाळीला भलतीकडचंच अर्थिंग असतं. या दोन अर्थिंगमध्ये थोडा फरक राहतो आणि त्या फरकाचा करंट तुमच्या ऑडिओ वायरच्या जाळीतून वाट काढतो. घरातली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ऐकू येते ती 50 आणि तिच्या पटीतली घूं. ॲम्प्लिफायर बिचारा जे मिळेल ते मोठं करतो. सोन्याचा मुलामा दिलेली वायर लावा नाहीतर साधी लावा, वाट तीच राहते.

तपासायचं ते असं. आवाज शून्यावर आणा, मग ॲम्प्लिफायरमधली टीव्हीची वायर काढा. हा क्रम पाळा. मी एकदा आवाज चालू ठेवून वायर उपसली, धप्प झालं आणि एक ट्वीटर, म्हणजे पेटीतला बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, कायमचा गेला. वायर काढून आवाज हळूहळू वाढवा. घूं आहेच? मग ती ॲम्प्लिफायरच्या पोटातली, तिथे मेकॅनिकचं काम. गेली? मग आवाज पुन्हा शून्यावर आणून वायर परत लावा आणि आता केबलची गोल वायर काढून बघा. ती काढताना पायात कोरडी चप्पल असू द्या आणि दुसऱ्या हाताने ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला टेकू नका. नुकत्याच पुसलेल्या लादीवर अनवाणी उभं राहून मी दोन्ही एकदम धरलं होतं आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. त्या वायरीच्या धातूला लावून टेस्टर पेटला तर हात लावायचा नाही, केबलवाल्याला बोलवायचं.

आता एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल, मलाही मिळाला होता: "ॲम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका, घूं जाईल." जाईल, खरं आहे. आणि उद्या आतला ट्रान्सफॉर्मर बिघडला तर तो पत्र्याचा डबा जिवंत होईल आणि तुम्ही आवाज वाढवायला त्यालाच हात लावाल. असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

खरा उपाय म्हणजे टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधलं तांबंच काढून टाकायचं. टीव्हीच्या मागे एक चौकोनी, झडपेचं भोक असतं, आत लाल उजेड दिसतो. ते ऑप्टिकल आउटपुट. त्याच्या वायरमधून वीज जात नाही, उजेड जातो, त्यामुळे अर्थिंगची भानगडच तुटते. वायरच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक टोपण असतं ते काढा. (हसू नका. मी अर्धा तास आवाज का येत नाही म्हणून टीव्हीला शिव्या देत होते.) जुन्या ॲम्प्लिफायरला उजेड कळत नाही, म्हणून मध्ये काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डॅक लागतो, म्हणजे डिजिटल आवाजाचा ॲम्प्लिफायरला कळेल असा साधा आवाज करणारी डबी: एका बाजूने ऑप्टिकल आत, दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या वायरींची जोडी बाहेर. साधा हजार रुपयांच्या आसपास मिळतो.

आणि इथेच ती चूक होते, जी मी तीन घरांत दुरुस्त केली आहे. डॅकला 5 व्होल्ट लागतात, टीव्हीच्या पाठीला यूएसबी मोकळं असतं, लोक तिथून वीज देतात. झालं! यूएसबीच्या तारेतून तांबं परत जोडलं गेलं आणि घूं परत आली. मग म्हणतात ऑप्टिकलने काही होत नाही. डॅकला मोबाइलचा वेगळा दोन पिनांचा चार्जर द्या.

तुमच्या टीव्हीला ऑप्टिकल नसेल आणि एचडीएमआय एआरसीवरून (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं एचडीएमआयचं भोक) आवाज काढणारा डबा लावावा लागला, तर तिथे तांबं आहे, घूं येऊ शकते. मग लाल-पांढऱ्या वायरींमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे दोन अर्थिंगमधली ती वाट तोडणारी डबी, घाला. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातला ठेका थोडा खातो, म्हणून तो माझ्या मते शेवटचा पर्याय.

सेटिंग

घूं गेली आणि आवाजही गेला, असं झालं तर घाबरू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट "पीसीएम" करा, म्हणजे डॅकला कळणारा साधा डिजिटल आवाज जातो. "ऑटो" ठेवलं की टीव्ही डॉल्बी पाठवतो आणि साध्या डॅकला ते कळत नाही. एका ॲपवर आवाज येतो, दुसऱ्यावर शुकशुकाट, हे त्याचंच लक्षण. व्हर्च्युअल सराउंड वगैरे दिखाऊ प्रकार बंद करा, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करा. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर तिथेच ऑडिओ डिलेचा आकडा असतो.

मांडणी आणि गाणी

स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, दोघांमध्ये सहा-सात फूट, भिंतीपासून वीतभर पुढे. घोडबंदरकडच्या नव्या हॉलमध्ये एका बाजूला पूर्ण काच आणि खाली गुळगुळीत लादी असते, तिथे जाड पडदा आणि एक सतरंजी टाकल्याशिवाय शब्द सुटे होत नाहीत.

गाणी ऐकायची तर ॲपमधला डेटा सेव्हर बंद करून वाय-फायवर सगळ्यात वरची क्वालिटी निवडा. सीडीचा आवाज सेकंदाला 1,411 किलोबिटचा. साधं ब्लूटूथ सुमारे 328 पर्यंतच जातं. पोळ्या लाटताना ब्लूटूथ चालतं, बसून ऐकायला मी तार लावते.

आत्याकडे हे सगळं एका दुपारी झालं. संध्याकाळी फोन: "आवाज छान आहे गं, पण टीव्हीच्या रिमोटने कमीच होत नाही." ऑप्टिकलवर बऱ्याच टीव्हींचं असंच असतं. वाहिन्या बघताना सेटटॉप बॉक्सचा रिमोट वापरायचा, त्याने आवाज कमीजास्त होतो. टीव्हीतल्या ॲपवर काही बघायचं असेल तर उठून ॲम्प्लिफायरचं बटण फिरवावं लागतं, आणि त्यावर आत्याला मी अजून उपाय दिलेला नाही.